खोडलेलं सगळं मला ठाऊक आहे

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, माझं डोकं जरा गरम आहे. गोड गोड गोष्ट हवी असेल तर खाली काउंटरवर नवे मोबाइल आहेत, त्यांच्याकडे जा. ते दिवसभर गातात. मी चिडून बोलणार. अकरा वर्षं लोकांची बोटं सोसली आहेत, तेवढा हक्क मला आहे.

सध्या मी राजापूरच्या बाजारपेठेत, लवूच्या दुकानाच्या माळ्यावर एका खोक्यात पडलो आहे. अंगावर तुटक्या हेडफोनच्या वायरी आणि त्यावर गेल्या गणपतीतल्या मखराचा थर्मोकोल. लवू वर येतो तो फक्त पुराचं पाणी बाजारात शिरलं की. तेव्हा सामान वर टाकताना माझ्यावरच टाकतो. त्याला आठवतही नसेल मी इथे आहे.

माझा जन्म १९९८ सालचा. कुठल्या देशातला, ते पाठीवरच्या चिठ्ठीवर छापलं होतं, पण ती चिठ्ठी रत्नागिरीच्या कॉम्प्युटर क्लासमधल्या पोरांनी नखांनी खरवडून टाकली. त्या क्लासात मी चार वर्षं मार खाल्ला. एका बटणाला एक बोट पुरतं, पण ही मुलं हातोडी मारावी तशी मारायची. तिथल्या सरांनी मात्र एकदा मला फडक्याने पुसता पुसता म्हटलं होतं, "हा कीबोर्ड टिकाऊ आहे हां." माझ्या आयुष्यात माझी स्तुती झाली ती एवढीच. पाच शब्द, आणि त्यातला एक 'हां'.

२००२ साली लवूने मला जुन्या मालात विकत घेतलं. लवूचा आधी एसटीडी बूथ होता. काचेचं कपाट, आत फोन, बाहेर बाकावर बायका बसलेल्या. किनाऱ्याकडच्या गावांतले निम्मे पुरुष आखाती देशांत, कुणी मस्कतला, कुणी कुवेतला. त्यांच्या घरच्यांचा सगळा जीव त्या बूथमध्ये अडकलेला असायचा. मग इंटरनेट आलं. लवूने बूथ तसाच ठेवून मागे प्लायवूडच्या तीन केबिनी ठोकल्या आणि बाहेर सायबर कॅफेची पाटी लावली. माझी केबिन नंबर तीन. माझा मागचा एक पाय मोडलेला, म्हणून लवूने त्याखाली एसटीच्या तिकिटांची घडी घातली. बास, हीच माझी दुरुस्ती.

तीन नंबरमध्ये दहावीचे निकाल बघितले गेले, लग्नाचे बायोडाटा टाइप झाले, कुणी कुणी चहाही सांडला. मी काही बोललो नाही. पण २००५ च्या नोव्हेंबरात अझीम आला आणि तेव्हापासून जी माझी चिडचिड सुरू झाली ती आजतागायत गेलेली नाही.

अझीम नाट्याचा. नाटे म्हणजे राजापूर तालुक्यातलं समुद्रकाठचं गाव, मच्छीमारीचं. वय चव्वेचाळीस. एकोणीस वर्षं मस्कतला क्रेन चालवत होता. उंच माणूस, केबिनमध्ये शिरताना वाकायचा, आणि स्टुलावर बसला की गुडघे टेबलाला लागायचे. तो आला ते हातात एक चिठ्ठी घेऊन. छातीत धडधडतं म्हणून तो राजापुरातल्या एका डॉक्टरांकडे गेला होता. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, "अझीमभाई, काळीज ठणठणीत आहे. जे आहे ते बोलायला हवं. माझ्या ओळखीच्या एक बाई मुंबईत आहेत, समुपदेशन करतात. हल्ली इंटरनेटवरूनही बोलतात. ज्यांचं आयुष्य एकदम बदलतं ना, नोकरी सुटते, माणूस जातो, गाव सुटतं, त्यांच्याशी. मुंबईला जायला नको, दर मंगळवारी इथूनच बोला."

त्या बाईंचं नाव कमळा. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं, आणि दोघांनी समोरासमोर बसल्यासारखं चॅटवर बोलायचं. मंगळवारी सकाळी अकरा ते बारा.

पहिल्या मंगळवारी बाईंनी लिहिलं, "नमस्कार अझीमभाई. तुम्ही इथे जे लिहाल ते माझ्यापाशीच राहील. कसे आहात?"

अझीमने माझ्यावर बोटं ठेवली. दोनच बोटं, पण काय वजन! आणि त्याने लिहिलं, "मला मेडिकलमध्ये अनफिट केलं. साखर डोळ्यांत उतरली. क्रेन बंद. व्हिसा संपला. घरी सांगितलंय सुट्टीवर आलोय."

मी मनात म्हटलं, वा, हा माणूस सरळ आहे. इतक्यात त्याचं बोट उजवीकडे वर गेलं, खोडायच्या बटणावर. टक, टक, टक, टक. शेवटच्या अक्षरापासून पहिल्यापर्यंत सगळं पुसलं. मग लिहिलं, "मी ठीक आहे." आणि ते पाठवलं.

मित्रांनो, तुम्हीच सांगा, माझा संताप होणार नाही तर काय होणार? ज्याच्यासाठी दीड तास एसटीने आलास, तेच खोडतोस? मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

हे दर मंगळवारी व्हायला लागलं. त्याचं गुपित आता गुपित राहिलेलं नाही, म्हणूनच सांगतो. बाई विचारायच्या, "सकाळी उठल्यावर पहिला विचार कोणता येतो?" तो लिहायचा, "आज कोण बोचकं घेऊन येणार." खोडायचा. पाठवायचा, "नमाज, चहा, पेपर." नाट्यातलं जे जे मला कळलं ते असं, पुसलेल्या ओळींतून कळलं.

आता बोचक्यांचं काय ते सांगतो. तिकडच्या गावांत रीत अशी की, आखातातून माणूस घरी आला की त्याला दोन प्रश्न विचारायचे. "कवा आलास?" आणि लगेच, मध्ये चहाचा घोटही न घेता, "कवा जाणार?" दुसरा प्रश्न महत्त्वाचा. कारण जाणाऱ्या माणसाबरोबर सगळं गाव आपापल्या पोरांना सामान पाठवतं. सुके बोंबील, सोडे, आंबापोळी, घरचा मसाला, कुणाच्या दम्याचं औषध. कापडात शिवलेलं बोचकं, वर शाईने नाव. आणि जाणाऱ्याने नाही म्हणायचं नसतं. 'वजन फार होतं' असं म्हणणारा माणूस पुढच्या वेळी कुणाच्या दारात उभा राहणार?

अझीमला पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं, "कवा जाणार?" आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "दोन महिन्यांनी." झालं! बोचकी यायला लागली. त्याला म्हणता आलं असतं, 'मी जाणार नाय.' पण एकोणीस वर्षं ज्या माणसाची गावातली ओळखच 'मस्कतवाला अझीम' अशी, तो आता कोण, हे त्यालाच माहीत नव्हतं. म्हणून तो म्हणायचा, "ठेवा." त्याची म्हातारी आई जन्नत, ती कौतुकाने प्रत्येक बोचकं मागच्या खोलीत रचून ठेवायची. डिसेंबर संपेपर्यंत सतरा झाली. अझीमने एकदा लिहिलं, "घरभर सुक्या मासळीचा वास सुटलाय आणि मला त्यातनं फक्त माझ्या खोटेपणाचा वास येतो." बटण दाबलंन, सगळं पुसलंन, आणि पाठवलंन काय? "हवा छान आहे."

मी काय म्हणतो, हवेचं त्या बाईंना काय करायचंय?

त्या बाईंचाही मला राग यायचा, खोटं कशाला बोलू. एक प्रश्न विचारायच्या आणि गप्प बसायच्या. अहो, जरा ढोसा त्याला! पण नाही. थांबायच्या. पडद्यावर नुसतं रिकामं, आणि अझीमची बोटं माझ्यावर घामेजलेली.

जानेवारीत गोष्ट बिघडली. शेजारचे मुसाचाचा, वय सत्तरीच्या घरात, जुने तांडेल, म्हणजे होडीवरचे मुख्य. त्यांचा मुलगा रेहान मस्कतलाच, एका वर्कशॉपमध्ये हेल्पर. त्याला तिथेच वरची जागा मिळत होती, पण एका अटीवर. आयटीआयचं मूळ प्रमाणपत्र, सरकारी शिक्क्यांसह, एकतीस जानेवारीच्या आत हजर करायचं. मुसाचाचांनी मुंबईच्या खेपा घालून शिक्के आणले आणि ते पाकीट अझीमच्या हातात दिलं.

"बोचकी जाव देत खड्ड्यात," ते म्हणाले होते, "हे तेवढं सांभाळ. तू कवा जातोस?"

"पंधरा तारखेला," अझीम म्हणाला.

पंधरा तारीख आली. अझीम म्हणाला, तिकीट पुढे गेलं. मुसाचाचांनी विचारलं, "मग कुरियरने पाठवू काय मी?" आणि तेव्हा तरी, मेल्या, हो म्हणायचंस! पण कुरियर म्हणजे 'अझीमचं काही खरं नाही' असं गावभर झालं असतं. तो म्हणाला, "कुरियरने मूळ कागद हरवतात चाचा. मी जातोय ना पुढच्या आठवड्यात." ते पाकीट तो घरीही ठेवेना. पिशवीत घालून बरोबर वागवायचा. मंगळवारी माझ्या शेजारी ठेवायचा, टेबलावर. मला त्या पाकिटाचा कोपरा टोचायचा.

सतरा तारखेच्या मंगळवारी त्याने हे सगळं लिहिलं. लांबच लांब. शेवटी लिहिलं, "एका पोराचं नशीब मी पिशवीत घालून फिरतोय." मी श्वास रोखून बसलो, म्हणजे आम्हाला जसा रोखता येतो तसा. आणि त्याने पुसलं. बराच वेळ पुसत होता. पाठवलं, "मी ठीक आहे."

तेव्हा पलीकडून आलं, "अझीमभाई, एक विचारू का? तुम्ही लिहायला लागलात की मला इथे दिसतं की तुम्ही लिहिताय. आज सात मिनिटं तुम्ही लिहीत होतात. आणि आले तीन शब्द. बाकीचं कुठे गेलं?"

शाबास बाई! दोन महिने मी तुम्हाला उगाच बोल लावला. तुम्ही गप्प नव्हता, तुम्ही मोजत होता.

अझीमने हात मागे घेतले. चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा झाला. मग त्याने लिहिलं, "पुसलं." एकच शब्द. पण तो खोडला नाही.

बाईंनी लिहिलं, "बरं केलंत सांगितलंत. पुढच्या वेळी त्यातलं एक वाक्य पुसू नका. कुठलंही एक. त्याचं काय करायचं ते मग आपण दोघं मिळून बघू."

चोवीस जानेवारी, मंगळवार. अझीम पाऊण तास आधीच आला आणि लवूला म्हणाला, "आज लाइन तोडू नको रे. कुणाचा फोन आला तरी." लवू म्हणाला, "नाय तोडत, बसा."

अकराला बाई आल्या. काही विचारलं नाही, फक्त लिहिलं, "मी आहे."

अझीमने लिहायला सुरुवात केली. "मी परत जाणार नाही. मला कायमचं घरी पाठवलंय. मी अमरीनला सांगितलेलं नाही." अमरीन म्हणजे त्याची बायको. पुढे लिहिलं, "रेहानचे कागद माझ्याकडे आहेत, एकतीसच्या आत पोचले नाहीत तर त्याची जागा जाईल, आणि ती माझ्यामुळे जाईल." बोट उजवीकडे गेलं. खोडायच्या बटणावर टेकलं. आणि उचललं गेलं! मित्रांनो, उचललं गेलं. ते खाली आलं, पाठवायच्या बटणाकडे, आणि

लाइट गेली.

काय बोलू? पंखा थांबला, पडदा काळा. लवूच्या यूपीएसची बॅटरी दिवाळीतच मेली होती आणि आज आणतो, उद्या आणतो चाललं होतं. भारनियमन दुपारनंतर असतं म्हणे. आज काय सकाळीच? त्या वीजवाल्यांना, त्या बॅटरीला, लवूच्या आळसाला मी जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या तुमच्यासमोर सांगता येणार नाहीत.

पण माझ्याहून अझीम चिडला. एवढा गरीब माणूस, त्याने टेबलावर मूठ आपटली. मी अर्धा फूट सरकलो, पायाखालची तिकिटांची घडी निघाली.

"लवू! लाइट कवा येणार?"

"चार वाजता म्हणतायत," लवू बाहेरून म्हणाला.

"चारला? अरे मला पाठवायचं होतं! आत्ता! दोन महिन्यांनी एकदा लिहिलं होतं रे मी!"

"काय एवढं होतं त्यात? परत लिहा की."

"मी जाणार नाय!" अझीम ओरडला. "मस्कतला मी परत जाणार नाय! मला अनफिट केलंय! हे होतं!"

प्लायवूडच्या केबिनी त्या. एरवी पंखे आणि मशीन घरघरतात म्हणून काही ऐकू जात नाही. आता सगळं बंद. एक नंबरमध्ये बसलेला कॉलेजचा मुलगा खोकला. लवू केबिनच्या दाराशी आला. तो तसा चेष्टेखोर, पण चेष्टा केली नाही. म्हणाला, "मग ते मुसाचाचांचं पाकीट? ते सगळीकडे सांगत सुटलेत, अझीम नेतोय म्हणून."

अझीमने पिशवीकडे बोट दाखवलं.

"एकतीस तारीख ना?" लवूने बोटांवर दिवस मोजले. "समोरचा कुरियरवाला सांगत असतो, परदेशात सहा-सात दिवस लागतात. त्यात परवा सव्वीस जानेवारी. आज गेलं तरच काही आशा."

"चाचांना न विचारता कसं टाकू?"

"मग विचारा. त्यांच्याकडे घरी फोन आहे. आणि फोनला लाइट लागत नाय."

अझीम उठला. माझ्या समोरच बूथची काच होती, केबिनचं दार उघडं, म्हणून मला सगळं दिसलं. तो आत शिरला, वाकून. नंबर फिरवला. मला वाटलं हा पुन्हा काहीतरी तिकिटाचं काढणार. पण तो म्हणाला, "चाचा, अझीम बोलतोय. मी मस्कतला जाणार नाय. कधीच नाय. नोव्हेंबरापासून मला ठाऊक हाय. तुमचे कागद माझ्याजवळच हायत. आता कुरियरने टाकतो, रेहानचा पत्ता सांगा."

पलीकडे काय झालं ते काचेबाहेरही ऐकू आलं. मुसाचाचा भर समुद्रात दुसऱ्या होडीला हाक मारणारा माणूस. "नोव्हेंबरापासून? माझ्या पोराचं वाटोळं करायला बसलायस काय? मी कुरियर करतो म्हटलं होतं ना तुला? तोंड होतं की नाय सांगायला?" आणि बरंच काही. अझीमने ते सगळं ऐकलं. मधे एक शब्द बोलला नाही, फोन कानापासून लांब धरला नाही. मग म्हणाला, "खरं हाय चाचा. पत्ता सांगा."

पत्ता मिळाला. पाकीट गेलं. आणि तुम्हाला वाटेल, आता सगळं चांगलं झालं असेल. नाही झालं. सव्वीस जानेवारीची सुट्टी आडवी आली, पाकीट मस्कतला दोन फेब्रुवारीला पोचलं. वरची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. रेहान हेल्परच राहिला. मुसाचाचांनी अझीमशी बोलणं टाकलं. रस्त्यात दिसला तर ते दुसऱ्या बाजूने जायचे. चूक ती चूक, ती फोन करून पुसली जात नाही. माझ्यावरची असती तर गेली असती.

पुढच्या मंगळवारी अझीम एकटा आला नाही. बरोबर अमरीन होती. बुरख्याचा पडदा मागे टाकून ती माझ्या केबिनमध्ये आली, स्टूल एकच, त्यावर ती बसली. अकराला अजून दहा मिनिटं होती. तिने पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हीच काय ती जागा? इथे बसून त्या मुंबईच्या बाईला सांगत होतात? परक्या बाईला? चोवीस वर्षं मी तुमच्या घरात हाय, आणि मला कळलं कधी? मुसाचाचा दारात येऊन ओरडले तेव्हा!"

अझीम उभाच होता.

"नोकरी गेली त्याचं मला काय नाय," तिचा आवाज फुटला. "आपल्या पोरीचं, निदाचं शिक्षण होईल, कसंही होईल. बोचकी परत देऊ. पण मला का नाय सांगितलं? मी तुम्हाला घराबाहेर काढणार होते?"

"त्या बाईंना पण नव्हतो सांगत," अझीम म्हणाला. "दोन महिने लिहून पुसत होतो. तुला सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं, अमरीन. पुसता आलं नसतं."

 तिने ओढणीच्या टोकाने डोळे पुसले. तेवढ्यात पडद्यावर कमळाबाईंची अक्षरं आली, "मी आहे." अमरीन उठली आणि म्हणाली, "बसा तुम्ही. हा तुमचा वेळ हाय. मी बाहेर बसते." आणि जाताना दार लावून घेतलं. त्या दिवशी अझीमने तासभर लिहिलं. चुकलेली अक्षरं सोडली तर काही खोडलं नाही. माझी बटणं दुखून आली, पण मी तक्रार केली नाही. एकदा तरी कामाचं काम झालं.

सतरा बोचकी दोघांनी मिळून परत नेली, घरोघर. ते काम सोपं नव्हतं. अझीमने बाईंना सगळं सविस्तर लिहिलं. कुणी चहा दिला, कुणी दारातूनच घेतलं, एका म्हातारीने विचारलं, "मग आता माझ्या पोराला बोंबील कोण नेणार?" जन्नत मात्र दोन दिवस जेवली नव्हती. तिसऱ्या दिवशी तिने रिकाम्या खोलीत त्याची खाट टाकून घेतली आणि म्हणाली, इथे वारा चांगला येतो, तुझ्या डोळ्यांना बरं. पुढे अझीम नाट्याच्या जेटीवर बर्फाच्या कारखान्यात देखरेखीला लागला. धडधड एकदम थांबली नाही. काही मंगळवार तो येऊन नुसता कुरकुरायचा, बर्फवाल्यांवर, गुडघ्यांवर, गावावर. पण ते पाठवायचा. वर्षभराने बाई आणि तो, दोघांनी ठरवून मंगळवार बंद केले.

मला वाटलं, माझं काम संपलं. संपलं नव्हतं.

एका शुक्रवारी मुसाचाचा आले. राजापुरात जुम्म्याची नमाज पढून, टोपी घडी करून खिशात घालत. दर शुक्रवारी रेहानला सुट्टी, तेव्हा लवू त्यांना चॅट लावून द्यायचा. चाचा बोलायचे, लवू माझ्यावर टाइप करायचा. नेहमीचं ठरलेलं असायचं. बरा हायस ना? बरा हाय. पैसे पोचले. बरं.

त्या दिवशी चाचा स्टुलावर बसले आणि लवूला म्हणाले, "आज दुसरं लिही. लिही, तुझी जागा अझीममुळे गेली, मी त्याला अजून माफ केलं नाय."

लवूने लिहिलं.

"आता लिही. पण तो एवढं लपवून बसला आणि बाजूच्या घरात राहून मला कळलं नाय. मग तू तर समुद्रापलीकडे. तू दर शुक्रवारी मला बरा हाय म्हणतोस. तू बरा हायस काय?"

 लवूने ते सगळं लिहून पाठवलं.

पडद्यावर आलं, रेहान लिहितोय. आणि तेच राहिलं. दोन मिनिटं. पाच मिनिटं. अधेमधे थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. तिकडच्या कीबोर्डवर काय चाललं असेल ते मला पक्कं ठाऊक होतं. माझा जीव नुसता कासावीस झाला.

"मी काही विचारू का त्याला?" लवू म्हणाला.

"काय नको," चाचा म्हणाले. "त्याला लिहू दे."

"चाचा, तुमची नाटे गाडी सुटेल."

"सुटू दे. संध्याकाळची हाय."

ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिले. बाहेर बूथमध्ये कुणीतरी लवूला हाक मारली, लवू गेला नाही. अकरा मिनिटांनी उत्तर आलं. अकरा मिनिटं लिहून एकच ओळ. लवूने ती हळू आवाजात वाचून दाखवली.

"अब्बा, मी घरी येऊ का?"

मुसाचाचांनी डोळे मिटले. मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "लिही. ये."

लवूने लिहिलं. इंग्रजीतली दोन अक्षरं, दोन बटणं. माझ्यावर आजवर लाखो अक्षरं पडली असतील, पण एवढ्या लगबगीने पाठवलेली दोन अक्षरं मला दुसरी आठवत नाहीत.

मित्रांनो, मला माळ्यावरून खाली आणा, पुसा, असं मी म्हणणार नाही. माझी अर्धी बटणं गेली आहेत, मला आता कोण घेणार? पण तुमच्या घरात कुणाची नोकरी सुटली असेल, कुणी गाव सोडून आलं असेल, कुणाचं माणूस गेलं असेल आणि तुम्ही विचारल्यावर ते उत्तराला वेळ लावत असेल, तर लगेच दुसरा प्रश्न टाकू नका. टीव्ही लावू नका, उठून जाऊ नका. त्याच्या मनात काहीतरी लिहिणं चाललेलं असतं. गाडी चुकली तर चुकू दे, पण ते उत्तर येईपर्यंत त्याच्याजवळ बसा.